सपाटीकरणाचा सपाटा

पुण्याचा पाहुणा भिगवणच्या पुढे आला की गाडीच्या काचेतून बाहेर बघतो आणि सुस्कारा सोडतो, ‘‘इकडं बघण्यासारखं काहीच नाही हो. सगळं सपाट!’’ मग हाच पाहुणा उजनीच्या काठावर चिलापी चापतो, रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो आणि वारीत बेलवाडीच्या रिंगणाचा व्हिडिओ शंभर जणांना पाठवतो. हे सगळं कशाच्या जिवावर? सपाटीच्याच.

त्याला मात्र डोंगर हवा असतो. डोंगर दिसला की त्याला निसर्ग दिसतो. निसर्ग दिसला की तो पहिला प्रश्न विचारतो, इथे गुंठ्याला काय भाव चाललाय?

मुळात ‘बारामती-इंदापूर सपाट आहे’ हे वाक्य बोलणाऱ्यानं इथे रात्री उसाला दारं धरलेली नसतात. इथल्या माणसाला जमीन घेताना, कर्ज मागताना आणि मुलगी देताना एकच गोष्ट विचारायची असते.

कालव्याच्या वर की खाली?

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. इंग्रजांना दुष्काळानं घाम फोडला होता, म्हणून ही कामं निघाली. जमिनीची उंची धरून, वळणं घेत घेत कालवा काढला. त्याच्या खालच्या अंगाला, नीरेपर्यंत, बागायत. वरच्या अंगाला, सुपे-शिर्सुफळकडे, जिरायत. खाली ऊस, बंगला, दारात दोन ट्रॅक्टर. वर बाजरी, मेंढरं आणि टँकरची वाट. दोन रानांतल्या उंचीचा फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही. सोयरीक जमवणाऱ्याला मात्र लांबूनच दिसतो.

जिरायत भागाला पाणी द्यायचं तर ते चढवावं लागतं. म्हणून जानाई-शिरसाई आली, पुरंदर उपसा आली, आता लाकडी-निंबोडीची पाळी आहे. शेवटच्या योजनेचं पाणी उजनीतून उचलायचं, त्यामुळे तिचं नुसतं नाव काढलं तरी सोलापूरकर उठून उभे राहतात. आणि पाणी चढलंच, तर पंपांचं वीजबिल कोणी भरायचं? या प्रश्नावर जेवढी भाषणं झाली, तेवढ्या वेळात हातानं पोहरे ओतून एखादं तळं भरलं असतं.

सपाट मुलूख म्हणे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. निसर्गानं इथे जेवढं सपाट दिलं होतं, तेवढ्यावर आपलं भागेना. आपण उरलेलंही सपाट करायला घेतलं. ते करताना एक भारी काम केलं. जिथे उतार हवा होता तिथे जेसीबी घातला आणि जिथे सपाट हवं होतं तिथे उंचवटे बांधले.

उंचवट्यांपासूनच सुरू करू. गावात शिरताना गतिरोधक. शाळेसमोर गतिरोधक, ठीक. सरपंचाच्या घरासमोर गतिरोधक, तेही समजू शकतो. माजी सरपंचाच्या घरासमोरही गतिरोधक, कारण लोकशाही आहे. यातल्या एकावरही पांढरे पट्टे नसतात. ते रात्री अंगावर येतात तेव्हाच कळतात.

रस्ता दर काही वर्षांनी नवा होतो. नवा म्हणजे जुन्याच्या डोक्यावर नवा थर. खरवडून काढायचं कष्टाचं काम कोण करतो? थरावर थर चढत रस्ता उंबऱ्याच्या वर गेला. आजोबांनी चार पायऱ्या चढून जायचं घर बांधलं होतं, नातू आता दोन पायऱ्या उतरून घरात जातो. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणीही तेच करतं.

रस्ता वाढला, घर खुजं झालं आणि घरपट्टी मात्र वाढलीच.

एक रस्ता खरोखर सपाट झालाय, हे कबूल. तुकोबांच्या पालखीचा मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी. पाटसवरून बारामती, इंदापूर करत पुढे जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. आता गाडी अशी पळते की पाण्याची बाटली हलत नाही. मग गावानं काय करावं? एवढं छान गुळगुळीत खळं सरकारनं फुकट बांधून दिल्यावर मका घरी कोण वाळवणार?

रात्री याच रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर निघतो. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, पुढे स्पीकर मात्र दणदणीत. मागून येणाऱ्यानं गाणं ऐकून अंतर ओळखायचं.

असो. मुद्दा उताराचा.

नीरा डावा कालवा काढणाऱ्यांनी उतार इतका कमी ठेवला की काठावर उभं राहून पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते पाण्याकडे बघूनच कळावं. तेवढ्या उतारावर पाणी कोसन्‌कोस गेलं. उतार माणसाला कळला नाही तरी चालतो, पाण्याला कळला म्हणजे झालं. आपल्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. प्रत्येक रानाला कडेनं चर होता, प्रत्येक चराला ओढा होता, ओढ्याला नदी होती. मग रान ‘लेव्हल’ करायची लाट आली. चर बुजला, अर्धा गुंठा वाढला. शेजाऱ्यानं बघितलं. त्यानंही बुजवला. ओढ्याच्या काठावरच्यानं तर ओढाच आत घेतला. सात-बाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहिलं, रान तेवढं वाढलं. असा चमत्कार पंढरीच्या वाटेवरच होतो.

चर बुजवल्यावर पाणी जाणार कुठे? खाली. आणि खालून क्षार घेऊन वर. रान पांढरं पडतं, उसाची उगवण ठिगळ-ठिगळ होते, मग माणूस म्हणतो, जमीन चोपण झाली. जणू जमिनीनंच काही वावगं केलं!

आणि हे काल-परवाचंही नाही. कालवा येऊन जेमतेम पंचवीस वर्षं होत होती. १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर सरकारी पुस्तिका लिहिली. एकशे पंधरा वर्षं होऊन गेली. रोग तोच, रोगीही त्याच घरातला. फक्त तेव्हा मोट होती, आता साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे.

मोटरीचं एक बरं झालं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ केलं. आधी मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीवर ठोक आकारणी होती, कितीही ओढा, दर तोच. आता कितीही ओढा, दर शून्य. यापेक्षा सरळ हिशेब शाळेतही शिकवत नाहीत. वीज येते ती बऱ्याचदा रात्रीची. शेतकरी तरी किती जागणार? मोटरीला ‘ऑटो’ बसवून तो झोपतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू, वीज गेली की बंद. उसाला पाणी पुरेसं झालं का, हे विचारायला रानात कोणी नसतंच.

ऊस पोहतो, मालक घोरतो.

ठिबक आहे की, म्हणाल. आहे. अनुदानावर आणलेल्या ठिबकच्या नळ्या बांधाला गुंडाळून ठेवलेल्या कोणी बघितल्याच नाहीत काय? सगळेच असे नाहीत. नेटानं ठिबकवर ऊस काढणारेही याच तालुक्यांत आहेत. पण त्यांचं रान बघायला बसगाड्या भरून माणसं बाहेरून येतात, शेजारचा येत नाही.

पाणी आणणाऱ्याचा आपल्याकडे सत्कार होतो. फेटा, शाल, फ्लेक्स, जलनायक वगैरे. पाण्याचा निचरा करून देणाऱ्याचा सत्कार झालेला तुम्ही कधी बघितलात? चर खोदणाऱ्याचा पुतळा?

कालव्याच्या गळतीची गोष्टही ऐकण्यासारखी. जलसंपदा खातं म्हणतं, एवढं पाणी वाटेतच मुरतं, अस्तरीकरण करू. काठावरचा शेतकरी म्हणतो, खबरदार! कारण त्या मुरलेल्या पाण्यावरच त्याच्या विहिरी भरतात. सरकारदरबारी जे नुकसान, ते विहिरीत उत्पन्न. मग आंदोलन, निवेदन, बैठक. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच निकाल लागत नाही. तूर्त तरी या भागातली सगळ्यांत नियमित पाणीयोजना म्हणजे कालव्याची गळती.

आता २५ मे २०२५ कडे या.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मे महिना म्हणजे टँकरचा महिना. त्या महिन्यात आभाळ फाटलं. पिंपळी-लिमटेकच्या परिसरात नीरा डावा कालवा फुटला, पाणी रस्त्यावर आणि घरांत घुसलं. बारामती आणि इंदापूरला एनडीआरएफची पथकं आली. टँकरच्या महिन्यात आपत्तीची पथकं! दुष्काळी भत्त्यावर वाढलेल्या गावांना होडीची दिशा सांगायची वेळ आली.

पाऊस विलक्षण होता, यात वाद नाही. एवढ्या पावसापुढे कुठलाही चर तोकडाच पडला असता. पण पाणी आलं ते कुठून? जुन्या वाटेनंच. पाण्यानं वडिलोपार्जित सात-बारा काढला आणि ओढा शोधत आलं. ओढ्याच्या जागी त्याला सापडलं काय? तारेचं कुंपण, सिमेंटचे खांब, ‘साई’ नावाची कमान आणि आत बिगरशेती प्लॉट. पाणी अशिक्षित असल्यामुळे त्याला बिगरशेतीचा आदेश वाचता आला नाही.

मग पंचनामे झाले. पंचनाम्यात नुकसान लिहिलं जातं. ओढा कोणी बुजवला, हा रकाना त्या कागदात नसतोच.

सपाटीचं खरं सोनं कशात आहे, ते वारीत कळतं. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसरकडे जाताना काटेवाडीत परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्यांवरून जाते आणि मेंढ्या पालखीभोवती धावतात. पुढे बेलवाडीत पहिलं गोल रिंगण, मग इंदापुरात. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, शेवटी अश्व सुटतो. घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. रिंगणाला डोंगर चालत नाही. त्याला सपाट जागा लागते, आणि ती करायला अख्खं गाव राबतं. खडे वेचले जातात, रोलर फिरतो, पाणी मारलं जातं. घोड्याला ठेच लागू नये.

लागूच नये. पण गावोगावच्या शाळांच्या मैदानांना एवढी काळजी कोणी दाखवेल का? तिथे पोरांचे गुडघे फुटतात, आणि पोरांना टापा नसल्यामुळे कपाळाला माती लावायला कोणी येत नाही.

काटेवाडीत मेंढ्यांना एक दिवसाचा मान. बाकी वर्षभर त्यांनी चरायचं कुठे? माळावर. माळ कुठे आहे? सरकारी कागदावर ‘पडीक’ या नावाखाली. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तिथे चिंकारा. इंदापुरात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगे. या जनावरांना झाडी नको, उघडा सपाट माळ हवा. पण आपल्याला उघडी जमीन दिसली की हात शिवशिवतात. कोणी वृक्षलागवडीचा खड्डा घेतो, कोणी सौर पॅनेल मांडतो, कोणी मुरूम उचलतो. गवताच्या माळावर झाड लावलं की फोटो हिरवा येतो. लांडग्याला फोटो काढता येत नाही, हा त्याचा दोष.

आता लांडगा बघायला वनखात्याची सफारी सुरू झालीय म्हणतात, तर पाहुण्यालाही सांगायला हवं. बघण्यासारखं आहे. गुंठ्याचा भाव मात्र विचारू नका.

आणि उजनी. १९८० मध्ये धरण झालं, आणि भीमा परातीतल्या पाण्यासारखी इंदापूरच्या गावांवर पसरली. खोली कमी, पसारा अफाट. म्हणून रोहित येतात, उथळ चिखलात चोच घालून मजेत चरतात. म्हणूनच उन्हात वाफही मुबलक होते. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या पुढे मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त धरण कागदोपत्री मेलेलं. पण पिण्याचं पाणी, ऊस, कारखाने सगळे त्या मेलेल्यातूनच ओढतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. उणे साठ! बँकेत एवढं खातं उणे गेलं तर दारावर जप्ती येते. इथे पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं आणि लोक सहकुटुंब फोटो काढायला जातात.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ ला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. समोरचा काठ दिसतो, पण गाडीनं जायचं तर मोठा वळसा, म्हणून माणसं बोटीत बसतात. पाणी सपाट दिसतं, म्हणून जीवरक्षक जाकीट कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. मृतदेह सापडेपर्यंत मंत्री आले, अधिकारी आले, नियमांची उजळणी झाली. जाकिटं नियमातच राहू नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

सपाट गोष्टींत एक मात्र अजिबात माफ नाही. हायवेच्या ढाब्यावरची ‘चुलीवरची’ भाकरी. फुगलेली नाही, पापुद्रा सुटलेला नाही, कडेला चीर, मध्ये कच्ची. वर फळी लावलीय, ‘अस्सल गावरान’. चूल दर्शनी भागात, गॅस आत. पन्नास वर्षं भाकरी थापणारी बाई हिला काय म्हणेल, ते छापण्यासारखं नाही.

सरकारी उत्तरंही अशीच न फुगलेली. ओढ्याचं काय झालं, असं विचारा. ‘माहिती घेऊन सांगतो.’ चराचं काय? ‘प्रस्ताव पाठवलाय.’ कालव्याचा भराव तपासला होता का? ‘बघून घेऊ.’ आवाजात चढ नाही, उतार नाही. इथे मात्र कुणाला उताराची गरज वाटत नाही, कारण फाइल आपोआप खालीच जाते.

म्हणून एक व्यवहाराचं सांगतो. बारामती-इंदापुरात प्लॉट घेणार असाल, तर एजंटाबरोबर एप्रिलमध्ये जाऊ नका. एप्रिलमध्ये प्रत्येक प्लॉट छान दिसतो. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, एकटे जा. नकाशा घरी राहू दे. पारावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना रामराम घाला आणि गुंठ्याचा भाव विचारण्याआधी एवढंच विचारा, ‘‘बाबा, इथनं पाणी कुठनं जायचं हो पूर्वी?’’ त्यांनी तुम्ही उभे आहात तिथेच बोट दाखवलं, तर इसार देऊ नका.